आईचा निकाल, आजीचं नाव

१३ मे २०२५, मंगळवार. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार होता आणि मी साडेबारापासूनच ऑफिसच्या जिन्यात फोन धरून उभी होते. निकाल माझ्या आईचा. वय त्रेपन्न.

मंडळाच्या साइटवर निकाल बघायला बैठक क्रमांक लागतो आणि त्याखाली आणखी एक रकाना असतो, आईच्या नावाचा. मी सवयीने माझ्या आईचं नाव टाकलं. निकाल सापडेना. मग उजेड पडला, अगं, इथे तिची आई पाहिजे! आजीचं नाव टाकलं, पान उघडलं आणि मी पायरीवर बसूनच घेतलं.

६२.४० टक्के. सामाजिक शास्त्रात ७६.

आईची शाळा आठवीत सुटली. पाटण तालुक्यातलं गाव, हायस्कूल लांब, मामा तान्हा, गोठ्यात दोन म्हशी. पुढे लग्न, दादा आणि मी, आणि तीस वर्षं शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्री दोनपर्यंत खडखड. आमची शिक्षणं त्या आवाजात झाली.

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं, त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायचं तिनेच काढलं. दाखल्यासाठी आम्ही दोघी तिच्या जुन्या शाळेत गेलो. रजिस्टरमध्ये तिचं माहेरचं नाव निघालं, त्यापुढे आजोबांचं. आजीचं कुठेच नाही. आई त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी होती. अर्ज द्यायला गेलो तेव्हा खिडकीतून "आता कशाला हे?" असंही ऐकून घ्यावं लागलं. ती काही बोलली नाही. मला मात्र ते अजून सलतं.

बीजगणिताने तिला रडवलं. भूमिती आवडली, कारण कटोरी ब्लाउज बेतणाऱ्या हाताला कंस आणि कोन नवीन नव्हते. आणि भूगोल! दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. रात्री फोन केला की मागे भाकरी थापल्याचा आवाज आणि आईचा प्रश्न, "ब्राझीलची माणसं सगळी समुद्राच्या कडेलाच का राहतात, सांग बरं?" मला सांगता यायचं नाही. मग तीच सांगायची, आतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्याचं, दमट जंगलाचं, रस्ते नसल्याचं. जिचा प्रवास कराड-पुण्याच्या पलीकडे फारसा झाला नाही, तिला साओ पावलो कुठे आहे हे नकाशावर डोळे मिटून दाखवता येतं.

निकालाच्या दिवशी मी स्टेटस ठेवलं आणि अभिनंदनाचा पाऊस पडला. सगळ्यांचे मनापासून आभार. पण एक गोष्ट बोलायचीच आहे. निम्म्या लोकांनी लिहिलं, "या वयातसुद्धा!" एकाने तर लिहिलं, हल्ली राज्याचा निकालच ९४ टक्के लागतो. हो, ९४.१० लागला. त्या पोरांना शाळा होती, क्लास होते, डबा भरून देणारी आई होती. माझ्या आईला डबा भरून द्यायला कोण होतं? इंग्रजीच्या पेपराच्या सकाळीही तिने आधी बाबांचा डबा भरला. म्हणून म्हणते, तिचं कौतुक लहान मुलाच्या पाठीवर थोपटल्यासारखं करू नका. लेखी पेपर तिनेही तेवढेच लिहिलेत, तेवढ्याच वेळात.

मुलांनी नाव काढलं, असं आपण सहज म्हणतो. त्याच वर्षी २८ जुलैला जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून दिव्या देशमुख महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल! आईला लेकीचा अभिमान वाटतो तेव्हा काय बोलायचं ते आपल्या भाषेला पाठ आहे. लेकीला आईचा वाटला तर? मी त्या जिन्यात शब्द शोधत होते. माझे स्वतःचे निकाल लागले तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच पुढची धास्ती. या आनंदात धास्तीच नव्हती. मी फोनवर एवढंच म्हणाले, "आई, तू पास झालीस." पलीकडे मशीन थांबलं. माझ्या मार्कशीटवर तिचं नाव छापलेलं आहे, ते मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. त्या रात्री कपाटातून काढून पाहिलं.

निकालानंतरच्या शनिवारी गावी गेले. आजी व्हिडिओ कॉलवर आली. ऐंशी पार केलेली, ऐकायला कमी येतं. मी ओरडून सांगितलं, तुझं नाव टाकलं तेव्हा कुठं निकाल दिसला. तिला पटेना. "माझं नाव कशाला लागतंय तिथं?" मी परत सांगितलं. ती गप्प झाली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "मीच तर तिचं नाव काढलं हुतं शाळंतनं."

आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"असू दे गं आये. उद्या येते. पेढे कंदी आणू का साधे?"