'बारके सोडा, मोठे धरा' म्हणणाऱ्यांनो

आज एका ग्रुपवर व्हिडिओ आला. रात्रीची वेळ, एक गडी टॉर्च आणि भाला घेऊन प्रवाळखडकात उतरतो आणि हातभर लांब, हिरवानिळा पोपटमासा भोसकून वर आणतो. खाली टाळ्या, बदाम, 'जबरदस्त भाऊ'. एकाने तर ज्ञान पाजळलं, "बारके सोडून मोठा धरला, हेच खरं संवर्धन." डोकंच सटकलं माझं.

एक तर पोपटमासा रात्री कपारीत झोपलेला असतो. काही जाती अंगाभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून झोपतात. झोपलेल्याला मारण्यात कसलं आलंय जबरदस्त?

दुसरं म्हणजे, पोपटमाशाच्या बहुतेक जातींत मासे आधी मादी असतात, मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. तो भडक रंगाचा धिप्पाड मासा बहुधा नरच. वेचून मोठेच मारलेत तर उरलेल्या माद्यांनी करायचं काय? हेकरू माशाच्या बऱ्याच जातींचीही हीच गत. दोन मीटरपर्यंत वाढणारा, तीस वर्षं जगू शकणारा नेपोलियन मासासुद्धा असाच. त्याच्या व्यापारावर 2004 साली आंतरराष्ट्रीय निर्बंध आणावे लागले.

मी एकदा अशाच खडकावर स्नॉर्केल लावून तरंगत होते. वाटलं होतं, खाली शांतता असेल. कसली शांतता! सगळीकडे कटर्र कटर्र. पोपटमासे चोचीने खडक खरवडत होते. शेवाळाबरोबर खडकही पोटात जातो, घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून पांढरी वाळू पडते. माझ्या तोंडासमोरच एकाने ढग सोडला. हसू फुटलं आणि नळीत पाणी शिरलं. मोठ्या जातींचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो हो!

ते कटर्र कटर्र म्हणजे खडकाची साफसफाई. शेवाळ निघालं की त्या जागी प्रवाळाच्या अळ्यांना बसता येतं. उगाच नाही मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाने 2009 साली पोपटमासे धरायलाच बंदी केली. मेक्सिकोत काबो पुल्मोच्या लोकांनी आग्रह धरून 1995 साली आपला समुद्र राखीव करून घेतला. तिथे 1999 ते 2009 या काळात माशांचं एकूण वजन पाचपटीहून जास्त झालं.

हो, समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडतात, त्यावर पोपटमाशाकडे इलाज नाही. मान्य. आणि ज्याची चूल रोजच्या जाळ्यावर पेटते त्याला मी मोबाईलवरून अक्कल शिकवणार नाही. त्याच्याशी माझं भांडणच नाही. पण हौसेखातर भाला घेऊन उतरणाऱ्याची कसली आलीय मजबुरी?

त्या खडकावर मी तासभर तरी नुसती ऐकत होते. खरंच, एकदा ऐका.

आणि नियम करायचेच असतील तर 'एवढ्याहून लहान धरू नका' याच्या शेजारी 'एवढ्याहून मोठाही धरू नका' हेही लिहा. पोपटमासा तर अजिबातच नको. वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये या, रात्री मोकळी आहे मी.