मागचा एसी आणि ‘गॅस भरा, विषय संपवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या सात सीटर गाडीचा मागचा एसी गार करत नसेल तर गॅस भरायचा, विषय संपला. व्हॉल्व्ह, व्हॅक्यूम, कॉइल सफाई हे सगळं मी माझ्या मागच्या एसीवरच्या लेखात लिहून लोकांना खर्चात पाडतो. तुमचा एसीवाला गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावून पाच मिनिटांत निदान करतो. आणि पंधरा वर्षांच्या गाडीला एवढे लाड कशाला, मागची लाईन बंदच करून टाकावी.

शेवटच्या मुद्द्यावर माझं तुमच्याशी फारसं भांडण नाही, त्याकडे नंतर येतो. पण तुमच्याच प्रतिक्रियेत मधे दोन वाक्यं आहेत. एक, दर एप्रिलला गॅस भरावा लागतो. दोन, अकोल्याहून निघालं की तासभर मागे छान गार असतं, मग कोमट हवा येते, पुढे मात्र थंडगार. चहाला थांबून परत निघालं की मागे पुन्हा गार. हे दुसरं वाक्य तुमच्या एसीवाल्याला सांगितलंत का? कारण नुसता गॅस कमी असता तर चहाच्या टपरीवर तो आपोआप वाढला नसता. थांबल्यावर जे सुटतं ते बहुतेक बर्फ असतं. तो कुठे धरतोय एवढंच शोधायचं आहे.

त्यासाठी गेज लागत नाही. पुढच्या वेळी मागे कोमट हवा सुरू झाली की मागच्या जाळीसमोर हात धरा. हवेचा जोरच मेला असेल, तर कूलिंग कॉइलवर बाहेरून बर्फ चढलाय. मागचं युनिट गाडीतलीच हवा ओढतं, त्यामुळे गालिच्याचा भुगा, केस, बिस्किटांचा चुरा सगळा त्या कॉइलवर जाऊन बसतो, आणि बऱ्याच गाड्यांत तिथे फिल्टरही नसतो. हवा कमी फिरली की कॉइल शून्याखाली जाते. कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर फक्त पुढच्या कॉइलवर असेल तर मागे काय चाललंय हे त्याला कळतही नाही. हा इलाज गॅसचा नाही, पॅनेल उघडून सफाईचा आहे. ब्लोअर सगळ्या स्पीडला नीट फिरतो का, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

हवेचा जोर तसाच आणि फक्त गारवा गेला, तर संशय एक्सपान्शन व्हॉल्व्हवर, म्हणजे कॉइलच्या तोंडाशी गॅस बारीक छिद्रातून आत सोडणाऱ्या झडपेवर. तुमच्या वर्णनावरून माझा कल इकडे आहे. सिस्टीममध्ये पाण्याचा अंश शिरला असेल तर व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात त्याचा बर्फ होतो आणि गॅसची वाट अडते. गाडी थांबली की तो वितळतो, वाट मोकळी. आर-134ए (गाडीच्या एसीतला नेहमीचा गॅस) लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, 28 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) खाली आला की शून्य अंशाखाली उतरतो, आणि गॅस कमी असला की प्रेशर नेमकं तिकडेच घसरतं. म्हणजे तुमच्याकडे गळती आणि ओल, दोन्ही एकमेकांना हात देत असणार. टॉपअपनंतर काही महिने बरं वाटतं ते त्यामुळेच. मागच्या युनिटजवळचा जाड पाईप त्या वेळी चाचपून बघा. चालू असताना तो गार आणि घामेजलेला हवा. कोमट लागला तर गॅस पुढे सरकतच नाहीये.

आता तुमच्या एसीवाल्याचं गेज. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण कॉम्प्रेसर एक, कॉइल दोन आणि प्रत्येक कॉइलला स्वतःचा व्हॉल्व्ह. मागचा व्हॉल्व्ह पार बंद पडला तरी पुढचा आपलं काम करत राहतो, आणि बॉनेटखाली लावलेलं गेज 30-40 पीएसआय दाखवून मोकळं होतं. दोन नळांना एकच मीटर असल्यावर कुठला नळ तुंबलाय हे मीटर कसं सांगणार? त्यात तो गेज लावतो गाडी उभी असताना, पाच मिनिटं. तुमचा बिघाड दिसतो तासाभराने.

दर एप्रिलला गॅस भरण्याबद्दल एकच सांगतो: बंद सिस्टीममधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. गेला म्हणजे गळला. मागच्या कॉइलचे पाईप गाडीच्या पोटाखालून जातात, दगड-चिखल खातात. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांचे तर खाऱ्या हवेने अॅल्युमिनियम खाल्लं जाऊन सांध्यापाशी गळतात. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो. (कॉम्प्रेसरची हवा भरून तपासणारा दिसला तर नको म्हणा, तुम्ही पैसे देऊन ओल आत भरताय.) गळती बुजवली की ड्रायर (आतली ओल शोषणारी डबी) बदलायचा आणि व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची. इथे ‘दहा मिनिटं पंप लावला’ चालत नाही. 30 अंशांना पाणी उकळून निघायला आतला दाब हवेच्या दाबाच्या 4 टक्क्यांच्या आसपास यावा लागतो, आणि मागच्या लांब पाईपातून ती वाफ ओढायला वेळ लागतो. अर्धा तास किमान, जास्त बरा. मग पंप बंद करून काटा हलतो का ते पाहायचं. गॅस नंतर वजनावर भरायचा, गेजच्या अंदाजाने नाही.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या दोन तपासण्या, हात लावून बघण्याच्या, फुकट आहेत. मी मूळ लेखात त्या आधी लिहिल्या होत्या त्या याचसाठी.

राहिला मागची लाईन बंद करण्याचा विषय. मागे वर्षातून दोनदाच माणसं बसत असतील तर खुशाल करा, मला त्यात काही गैर वाटत नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात मागे आई-बाबा बसणार असतील तर मी करणार नाही. करायचंच ठरलं तर दोन्ही पाईप पुढच्या फाट्याजवळ नीट फिटिंग लावून बंद करा. मागे टोकाला दाबून वाकवलेला पाईप पुन्हा गळतो आणि लांब नळीत तेल साचून कॉम्प्रेसर कोरडा पडायची भीती वेगळीच. आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं जे वजन लिहिलंय ते दोन्ही कॉइल धरून आहे. एकच चालू ठेवून तेवढाच भरला तर हाय साइडचं, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचं, प्रेशर चढेल, म्हणून तेवढा गॅस भरू देऊ नका.

हवेचा जोर गेला होता की नुसता गारवा, तेवढं पुढच्या फेरीनंतर इथेच लिहा. मग व्हॉल्व्ह काढायचा की कॉइल, ते बोलू.