कन्नडला बुकर, म्हणून मराठी संपली?

मे २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लँप' या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हापासून सोलापूरच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. कन्नडनं बुकर आणलं, मराठी संमेलनांचे मांडव घालत बसली. ज्ञानपीठं त्यांची आठ, आपली चार. आणि सोलापूरनं साहित्याला काय दिलं? चादरी!

ज्ञानपीठाचा आकडा बरोबर आहे. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे, चारच. पण कन्नडच्या त्या आठांत द. रा. बेंद्रे आहेत. घरात मराठी बोलणारा हा कवी १९४४ ते १९५६ आपल्या सोलापूरच्या दयानंद कॉलेजात कन्नड शिकवत होता, मराठीतही लिहीत होता. आता हे ज्ञानपीठ कुणाच्या खात्यात मांडायचं, ते मजकूरकर्त्यानंच सांगावं.

या आंतरराष्ट्रीय बुकरचं म्हणाल, तर ते मूळ पुस्तकाला मिळतच नाही. इंग्रजी अनुवाद हवा आणि तो ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये छापलेला हवा. बक्षिसाचे पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादक निम्मे निम्मे वाटून घेतात. 'हार्ट लँप'मध्ये १९९० ते २०२३ या काळातल्या बारा कथा आहेत. अनुवादक दीपा भास्ती यांनी कन्नड-उर्दू शब्द तिरप्या टाइपात टाकले नाहीत, खाली तळटीपाही दिल्या नाहीत. इंग्रजी वाचकानं घ्यावं समजून. हे धाडस छापलं शेफील्डच्या एका छोट्या प्रकाशनानं. हिंदीला हा मान २०२२ मध्ये मिळाला. बंगाली, तमिळ, मल्याळमला अजून नाही. मग त्याही संपल्या म्हणायच्या का?

राहिलं सोलापूर. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांची 'अक्करमाशी' ही आत्मकथा १९८४ ची, इंग्रजीत आली २००३ मध्ये. एकेका अनुवादित पुस्तकाला दरवर्षी बुकर द्यायची पद्धत सुरू झाली २०१६ पासून. जी शर्यत लागलीच नव्हती, त्यात हरलो कसे? बरं, 'सनातन' या कादंबरीसाठी लिंबाळेंना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, ते या मजकुरात कुठेच नाही.

मांडवांवर पैसा जातो, हे मान्य. जेवणावळी कमी केल्या तरी कुणी उपाशी मरणार नाही. पण २००६ ला आपल्याकडे साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते याच गावात जन्मलेले मारुती चितमपल्ली. जंगलावर मराठीत इतकं लिहिणारा दुसरा दाखवा. जून २०२५ मध्ये ते गेले, तेही इथेच. बुकरचा तो मजकूर त्या आठवड्यातही जोरात फिरत होता.

तक्रारच करायची तर खर्चाची करा. 'हार्ट लँप'च्या अनुवादाला इंग्लिश पेन या संस्थेचं अनुदान होतं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालाय. त्या नावावर येणाऱ्या पैशातून चांगल्या अनुवादकाला वर्षभराचं मानधन द्या, एवढं मागणारा मजकूर कुणी लिहिला, तर मी स्वतः पुढे पाठवीन.