सायप्रसचा समुद्र सोडून एक दिवस

सायप्रसला जाऊन आठवडाभर किनाऱ्यावर आडवं पडणाऱ्यांशी माझं काहीच भांडण नाही. दमलेल्या माणसाला झोप लागते. माझं भांडण आहे ते आपल्याच लोकांशी. पावसाळ्यात दर रविवारी कुठला ना कुठला गड चढणारी, सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन शिवाय चालत उतरणारी ही माणसं परदेशात गेली की बसच्या खिडकीला चिकटतात. मठ बघितला, वायनरी बघितली, व्ह्यू पॉइंटला वीस मिनिटं, चला. संध्याकाळी हॉटेलात हिशेब एकच, आज काय काय कव्हर झालं?

आम्ही यंदा मेमध्ये लिमासोलला राहिलो आणि एक अख्खा दिवस त्रूदोसच्या डोंगराला दिला. नवरा, मुलगी, माझी आई आणि मी. गाडी मी चालवली. इथे आपल्या लोकांना मुद्दाम सांगते: सायप्रसमध्ये गाड्या डावीकडूनच चालतात. १८७८ ते १९६० इंग्रजांचा अंमल होता, त्याची ही देणगी. म्हणजे स्टीअरिंग उजवीकडे आणि डोकं जागेवर. भाड्याच्या गाड्यांना लाल नंबरप्लेट असते, त्यामुळे मागचा ड्रायव्हर आपोआप चार हात लांब राहतो. सवय करावी लागते ती राउंडअबाउटची. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं म्हणजे खरोखरच जाऊ द्यायचं, नाक घुसवायचं नाही. हायवेला शंभरची मर्यादा आहे. पण बी-८ रस्त्याला लागून त्रिमिक्लिनी मागे पडलं की वळणंच अशी सुरू होतात की मर्यादेची पाटी बघायची गरज उरत नाही. तासाभरात आपण समुद्रसपाटीवरून सतराशे मीटरवर. खाली एसी लावून निघालो होतो, वर आईने शाल पांघरली.

शिखराचं नाव ऑलिंपस, उंची १९५२ मीटर. अगदी माथ्यावर जाता येत नाही, तिथे इंग्रजांचं लष्करी रडार आहे. (स्वातंत्र्य दिलं, पण डोंगराचं टोक ठेवून घेतलं. जाऊ दे.) त्या माथ्याला वळसा घालणारी पायवाट म्हणजे आर्टेमिस ट्रेल. सात किलोमीटर, जवळजवळ सपाट, आणि फिरून परत गाडीपाशीच. पासष्टीच्या पुढच्या ज्यांचे पाय अजून शाबूत आहेत, त्यांनी बिनधास्त करावी. आईने पूर्ण केली, आणि वाटेत दोनदा आम्हालाच "बसा जरा" म्हणाली.

आता या डोंगराची खरी गंमत. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, हे आपण शाळेपासून घोकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थरावर थर ओतले गेले आणि त्यातून आपले कडे, आपले गड झाले. त्रूदोसही तळातूनच आलाय, पण समुद्राच्या. नऊएक कोटी वर्षांपूर्वीचा महासागराचा तळ, आणि त्याखालचा पृथ्वीच्या प्रावरणाचा तुकडासुद्धा, असा सगळा गठ्ठा वर उचलला गेला. आफ्रिकेचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत खाली घुसत होता, हे एक कारण. दुसरं म्हणजे प्रावरणातल्या खडकात पाणी मुरलं की त्याचं सर्पेंटिनाइट होतं. तो फुगतो, हलका होतो आणि वर येऊ पाहतो. डोंगर मधोमध असा फुगत गेला, वरचे थर झिजून गेले, आणि परिणाम उफराटा झाला. पायथ्याच्या कडेकडेने सापडतो तो समुद्रतळावर थिजलेला, उशांसारखा गोल लाव्हा. वर चढत जावं तसा मुळात अधिकाधिक खोलवरचा खडक लागतो, आणि सगळ्यात खोलचा तो शिखराजवळ. म्हणजे आर्टेमिसच्या वाटेवर बुटाखाली जो हिरवट-करडा, किंचित तुळतुळीत दगड येतो, तो एरवी माणसाच्या पायाखाली यायचाच नाही. बसमधून हे कसं कळणार? गाइड सांगेलही, पण दगड हातात घ्यायला खाली उतरावं लागतं. ज्या तांब्यासाठी हे बेट प्राचीन काळी गाजलं, ते मिळतं त्या कडेच्या लाव्ह्यात. आणि सर्पेंटिनाइटनेच अ‍ॅस्बेस्टॉसही दिलं. जवळच अमियांदोसची त्याची प्रचंड खाण १९८८ मध्ये बंद झाली. डोंगराला कापलेल्या पायऱ्या अजून दिसतात, त्यांवर आता झाडं लावताहेत.

वाटेवर सगळीकडे काळे पाइन. काहींचं वय पाचशेच्या पुढे सांगतात. बर्फ आणि वाऱ्याने शेंडे चपटे झालेले, बुंधे पिळवटलेले. दक्षिणेला लिमासोलचा समुद्र आणि आक्रोतिरीचं मिठाचं सरोवर, आणि वळसा घेऊन पलीकडे गेलं की उत्तरेला मोर्फूचं आखात. ते १९७४ पासून तुर्की ताब्यातल्या भागात येतं. एकाच वाटेवरून दुभंगलेल्या बेटाच्या दोन्ही बाजू दिसतात. रेघ मात्र वरून कुठेच दिसत नाही.

दुसरी चाल कॅलेडोनिया धबधब्याची. इथे थोडं डोकं चालवावं लागतं, कारण ही वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. आमचा तोडगा: मुलीला आणि मला वर सोडलं आणि नवरा (गुडघे) आईला घेऊन गाडीने खाली प्लात्रेसजवळ, वाट संपते तिथे थांबला. तीन किलोमीटर उतार, क्रिओस पोतामोस ओढ्याच्या काठाने, मधे लाकडी साकव, निसरडे दगड. धबधबा बारा मीटरचा. माळशेज बघितलेल्यांनी नाक मुरडू नये. सायप्रससारख्या कोरड्या बेटावर बारमाही वाहणारं पाणी हीच मोठी गोष्ट.

वाट सुरू होते तिथे जवळच राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान आहे. मुंबईचा गव्हर्नर महाबळेश्वरला जायचा, तसा इथला हाय कमिशनर त्रूदोसला, आणि ही वास्तू त्याच्यासाठीच बांधलेली. १८८० मध्ये त्या बांधकामावर मुकादम म्हणून काम करत होता आर्थर रँबो. हो, तोच फ्रेंच कवी. वय पंचवीस, कविता सोडून झालेली, आणि हा मजुरांवर देखरेख करतोय. मुलीला हे धबधब्यापेक्षा जास्त आवडलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

खाली ट्राउट मासा मिळतो, तिथेच पैदास केलेला. आम्ही खाल्ला. शाकाहारी आईची सोय हलुमी चीज, टोमॅटो-काकडी आणि ताज्या पावाने झाली. ज्यांना दूधही चालत नाही त्यांनी 'निस्तीसिमा' हा शब्द पाठ करावा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचं हे जेवण: मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. तेलात मुरलेलं कडधान्य असतं बहुतेक. आपला साबुदाणा नव्हे, पण पोट भरतं.

आता कोणीतरी विचारणारच की किक्कोसचा मठ? ओमोदोस गाव? युनेस्कोच्या यादीतली दहा चित्रित चर्चेस? नाही बघितली. त्यातलं काकोपेत्रियाजवळचं 'छपराचं' सेंट निकोलस फार बघायचं होतं. अकराव्या शतकातलं. मूळ छपरावर बर्फापासून बचावासाठी नंतर दुसरं उतरतं कौलारू छप्पर चढवलेलं. पण ते दोन चाली संपवून धावतपळत उरकण्याजोगं नाही. त्याला वेगळा दिवस हवा, तो आमच्याकडे नव्हता, आणि त्याची मला चुटपूटही नाही.

जाणार असाल तर मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये खाली भाजून निघाल. गाडी लहान घ्या, टाकी लिमासोललाच भरा, बूट चांगल्या पकडीचे. आणि टूरवाल्याने एका दिवसात सहा ठिकाणं दिली तर त्याला सरळ विचारा, त्यातली चार काढायचे किती घेणार?