लाल अंबाडीची रोपं आणि वाळली फुलं : दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला, एकदा रागात आणि एकदा रात्री जेवण झाल्यावर. दुसऱ्यांदा वाचताना बऱ्याच गोष्टी पटल्या, म्हणून सगळ्यांसमोरच उत्तर देते.

तुमचं म्हणणं असं : मेच्या शेवटी आमच्याकडून लाल अंबाडीची तीन रोपं नेली. एकाला लाल बोंडं लागली, दुसऱ्याला हिरवी आणि कुसळाची, आणि तिसरं दिवाळी होऊन गेली तरी नुसतं पानांवरच आहे. पाकिटातल्या वाळल्या फुलांत खडे निघाले, शरबत लाल व्हायचं तर जांभळट-काळपट झालं. ‘हे फूल नाहीच, फुलाच्या नावावर भलतंच विकता’ असंही लिहिलं. आणि गोळ्या बंद करून महिनाभर पिलो तरी बीपी उतरला नाही, हे सगळ्यात शेवटी.

आधी शेवटचंच. भाऊ, गोळ्या आजच सुरू करा आणि डॉक्टरांना भेटा. अंबाडीच्या शरबताने बीपी थोडा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण ते गोळीची जागा घेत नाही. उलट गोळी चालू असताना रोज प्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्यावं. आमच्या पाकिटावर औषध म्हणून एक शब्दही नाही. पण मागच्या वर्षी आमच्या स्टॉलवर बसणाऱ्या पोराने कुणाकुणाला ‘बीपीवर रामबाण’ सांगितलं होतं, हे मला ठाऊक आहे. त्याला तेव्हाच समजावलं होतं, आता पुन्हा समजावलं.

हिरव्या बोंडांचं रोप ही सरळ आमची चूक. अंबाडी म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळी झाडं एकाच नावाखाली येतात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) कडेने धुऱ्यावर टोबतात ती वाखाची, म्हणजे दोरांच्या धाग्याची : उंच, सरळसोट, बोंडाला बारीक कुसं. तिच्या काड्या नाल्यात कुजवून सासूबाई वाख काढायच्या आणि पोळ्याच्या आधी बैलांचे दोर त्याचेच वळले जायचे. दुसरी ही लाल, जाड पाकळीची, शरबताची. गेल्या हंगामात दोन्हींची बोंडं एकाच ताडपत्रीवर झोडली गेली. बी दिसायला इतकं सारखं की निवडताना मलाही कळलं नाही. यंदा लाल अंबाडीचं बी वेगळ्या वावरातून, झाडावर लाल चिंधी बांधून ठेवलं आहे. त्या रोपाचे पैसे परत करते आणि नवं बीही पाठवते. तोवर त्याचे कोवळे शेंडे वाया घालवू नका, ज्वारीच्या कण्या आणि भरपूर लसूण घालून भाजी करा.

पानांवर राहिलेल्या रोपाचं मात्र मी ऐकून घेणार नाही. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. कुंडी फाटकाजवळ आहे आणि बरोबर तिच्या डोक्यावर रस्त्याचा एलईडी दिवा. लाल बोंडांचं रोप मागच्या अंगणात, अंधारात. अंबाडीला कळी धरायला रात्र मोठी लागते. आपल्या भागात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या वर जातो, सप्टेंबर संपता संपता तो बारावर येतो, तेव्हा कुठे झाड कळीकडे वळते. म्हणून मेमध्ये लावा की मिरगात टोबा, फुलं येतात ती ऑक्टोबरच्या सुमारासच. लवकर लावलं तर झाड फक्त उंच होते. आणि रात्रभर उजेड असेल तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही. आमच्याच गोठ्याच्या बल्बखाली एक झाड पाच फूट झालं होतं. बल्बाच्या बाजूच्या फांद्या मोकळ्या आणि पलीकडच्या बोंडांनी लदलेल्या. शेजारीण म्हणायची, दृष्ट लागली. दृष्ट नाही, चाळीस वॅट.

तर ती कुंडी रात्री दिव्याचा उजेड पडणार नाही अशा जागी सरकवा आणि युरिया देत असाल तर थांबवा, त्याने पानंच माजतात. हे दिव्याचं आणि महिन्यांचं मी रोपासोबतच्या चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. लिहिलं नव्हतं, तेवढा दोष घेते. कुंडी लहान दिसते तीही. अठरा इंचांपेक्षा कमी कुंडीत हे झाड खुरटते, आणि खाली पाणी साचलं तर बुडापासून सडते. पुढच्या वर्षी रोप दीड-दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. पिठ्या ढेकूण आला तर निंबोळी अर्क मारा.

आता ‘फूल नाहीच’. खरं आहे. अंबाडीचं फूल फिकट पिवळं, मधे गडद लाल, सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्याच्या खालचा लाल पुष्पकोश नंतर फुगत जातो, तीनेक आठवड्यांत जाड होतो, आणि शरबत त्याचंच. गावात त्याला कुणी पुष्पकोश म्हणत नाही, फूलच म्हणतात, कुणी पाकळी म्हणतात. बाजारातही हाच शब्द. फसवण्याचा हेतू नव्हता, तरी पुढच्या छपाईत ‘वाळवलेल्या पाकळ्या (पुष्पकोश)’ असं टाकते.

खडे कुठून आले तेही सांगते. बोंडातून बियांचा गोळा काढायला आम्ही बायका पितळी नळीचा तुकडा वापरतो : देठाकडून दाबला की हिरवा गोळा दुसरीकडून टपकन बाहेर, आणि हातात लाल टोपी उरते. तासाभरात नखं जांभळी होतात आणि कुठे चीर असेल तर चरचर झोंबते. दहा किलो ओल्या पाकळ्यांतून वाळून किलोभराच्या आसपास हाती येते, म्हणून एकेक पाकळी जपतो. पण वाळवल्या स्लॅबवर, उघड्या, आणि शेजारी घराचं बांधकाम चालू. यंदापासून जाळीच्या पाटांवर, वरून मलमल. तुमच्या पाकिटाचे पैसेही परत.

राहिला रंग. तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले, जिथलं जमिनीतलं पाणीच खारं. या पाकळ्यांचा लाल रंग आंबटपणावर टिकतो. पाण्यात क्षार जास्त असले की तो जांभळ्याकडे सरकतो आणि सोडा पडला तर निळा-हिरवाही होतो. बोअरच्या पाण्यात जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळलं असेल तर काळपटपणा येणारच. पुढच्या वेळी तेच शरबत पेल्यात घ्या, अर्धं लिंबू पिळा आणि उजेडाकडे धरून पाहा. लाल झालं तर माल बरोबर, नाही झालं तर मला कळवा.

आमच्या घरी असं करतो : लिटरभर फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी, मूठभर (दहा-बारा ग्रॅम) पाकळ्या धुऊन, स्टीलच्या गंजात रात्रभर भिजत. सकाळी गाळून साखर, चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. उकळायचंच असेल तर पाच-सात मिनिटांवर नाही, रंग आणि वास दोन्ही जातात. गूळ चवीला छान, पण त्याने रंग मातकट होतो, आमच्याकडे पाहुण्यांना साखरेचं आणि घरच्यांना गुळाचं असतं. माझे सासरे तर वाळल्या पाकळीची नुसती लसूण-मिरचीची चटणीच मागतात, शरबताला हात लावत नाहीत.

इजिप्त-सुदानकडे हेच ‘करकदे’ नावाने गरम आणि थंड दोन्ही पितात, मेक्सिकोत थंडगार ‘हमायका’. तिकडच्या एका बाटलीची किंमत इंटरनेटवर पाहिली तेव्हा आमच्या शंभर ग्रॅमच्या एकशे ऐंशी रुपयांची मला लाज वाटली, आणि दरही वाढवावासा वाटला. तूर्त वाढवत नाही.

पैसे आज संध्याकाळी टाकते, बी आणि नवं पाकीट उद्याच्या पार्सलने. स्टार बदला म्हणून सांगत नाही. फाटकाजवळची कुंडी हलवल्यावर कळ्या धरल्या की फोटो तेवढा टाका, दिव्याचं माझं म्हणणं चुकलं असेल तर तेही इथेच लिहा.