तिकीट मुंबईपर्यंतचं, घर खानापूरचं

गणपती जवळ आले की गावाकडच्या ग्रुपवर दोन वाद ठरलेले. बेळगावचं सांबऱ्याचं विमानतळ आंतरराष्ट्रीय कधी होणार, आणि हुबळीनं आपली विमानं कशी पळवली. त्यातूनच सीमाप्रश्नही निघतो. जर्मनीत, फ्रायबुर्गला बसून मी हे वाचतो आणि मधेमधे तिकिटांचे दर बघतो.

माझं मत तिथं फारसं कुणाला पटत नाही. बेळगावहून थेट दुबईचं विमान नसलं तरी चालेल. फ्रँकफुर्ट ते सांबरा एकच तिकीट परवडणाऱ्या दरात मिळू दे.

स्वस्त म्हणजे मुंबई, असं आपल्याकडं धरूनच चालतात. पण मुंबईपासून पुढचं तिकीट वेगळं काढलं की गंमत सुरू होते. युरोपातून येताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलो. वरच्या वजनाचे पैसे काउंटरवर मोजायचे. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी कशाला थांबेल? शेवटी टॅक्सी करून पाचशे किलोमीटर. मावशी तर तोंडावरच म्हणाली, “विमानाला वाचवलास आणि गाडीवाल्याला दिलास की रे!”

एकाच पीएनआरवर, म्हणजे सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला तरी, पहिल्या भारतीय विमानतळावर कस्टमसाठी बॅग उचलावी लागते. पण सामानाची मर्यादा सहसा परदेशी प्रवासाचीच धरतात, आणि उशिरामुळं पुढचं विमान चुकलं तर सोय कंपनीनं करायची. युरोपातून निघालेल्या अशा प्रवासात शेवटच्या मुक्कामी चार तासांहून जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर ६०० युरो भरपाई मागता येते. ती मोजताना मुक्काम सांबरा धरतात, मुंबई नव्हे.

गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून चोर्ला घाटानं या, असंही काही जण सुचवतात. पावसाळ्यात तो रस्ता बघितलेले सुचवत नाहीत.

बसचा भरवसाही उरलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेवरच थांबल्या. पुण्यात उतरलेल्या माणसानं दोन बॅगा घेऊन कोगनोळीची सीमा चालत ओलांडायची काय?

इथला आमचा जवळचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. नावात बाझेल, मुलूझ आणि फ्रायबुर्ग, म्हणजे तीन देशांतली तीन गावं. १९४९ च्या करारानं फ्रान्स आणि स्वित्झर्लंड तो मिळून चालवतात. याच आल्सासच्या पट्ट्यासाठी फ्रान्स-जर्मनी किती रक्त सांडून बसले! त्यांचा वाद मिटलेला आहे, आपला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, हा फरक मला मान्य. बेळगाव महाराष्ट्रात जावं असं आजीपासून आमच्या घरात सगळ्यांना वाटतं, मलाही. पण निकाल लागेपर्यंत बस कशाला अडवायची?

युरोपातली बरीच विमानं बेंगळुरूला मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान उतरतात. त्यांना जुळणारं सकाळचं सांबऱ्याचं विमान त्याच तिकिटावर, एवढं आधी मागूया. टर्मिनलची भव्यता नंतर बघू.