‘मॉर्फिन सुरू केलं की माणूस संपला’ या फॉरवर्डला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून पुण्यात सोसायट्यांच्या आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं थोडक्यात असं: पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार) म्हणजे डॉक्टरांनी हात वर करणं. तिथे मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं, अफूपासून बनणारं औषध) देतात आणि ते सुरू झालं की माणूस आठ-पंधरा दिवसांत जातो. तगलाच तर व्यसन लागतं. म्हणून ते अगदी शेवटासाठी राखून ठेवावं. या औषधांचा उपयोग होतो याला पुरावा नाही, कारण मरणाऱ्या माणसांवर संशोधन कोण करणार? वर सलाइन आणि ऑक्सिजन काढून घेऊन पेशंटला तहानलेलं मारतात. शेवटी ‘आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा’.

कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन बघणाऱ्या टीममध्ये मी नर्स आहे. हा मेसेज वाचून घरचे लोक गोळ्या थांबवतात आणि त्याची किंमत अंथरुणातला माणूस मोजतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

‘मॉर्फिनमुळे माणूस जातो’

हा मुद्दा चटकन पटतो, कारण लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. काकांना या सोमवारी मॉर्फिन सुरू झालं आणि पुढच्या सोमवारी काका गेले. पण काकांना ते सुरू कधी झालं? आजार हाडांत आणि लिव्हरमध्ये पसरल्यावर, ट्रॅमाडॉल हे त्याहून सौम्य वेदनाशामक पुरेनासं झाल्यावर, दोन-तीन दवाखाने फिरून झाल्यावर. आपल्याकडे मॉर्फिन इतक्या उशिरा लिहिलं जातं की मृत्यू तोवर दारात आलेलाच असतो. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही.

हे तपासूनही झालं आहे. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या केंद्राच्या, २३८ रुग्णांचा अभ्यास आला. शेवटच्या आठवड्यात ज्यांचा मॉर्फिनसारख्या औषधांचा डोस बराच वाढवावा लागला, ते डोस न वाढवलेल्यांपेक्षा लवकर गेले का, हे त्यात पाहिलं होतं. तसा फरक आढळला नाही.

‘हात वर करणं’ या शब्दांनाही उत्तर आहे. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या कॅन्सर उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. पहिल्या गटात नैराश्य कमी होतं, दिवस बरे जात होते, आणि जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ११.६ महिने होता. दुसऱ्या गटात तो ८.९ महिने होता. प्रत्येक आजारात असंच आयुष्य वाढेल असा दावा मी करणार नाही. पण पॅलिएटिव्ह केअरने माणूस लवकर जातो, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

मॉर्फिनने श्वास मंदावू शकतो, हे मात्र खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. कधीच न घेतलेल्या माणसाला एकदम मोठा डोस दिला, किडन्या नीट चालत नसताना नेहमीच्याच डोसने देत राहिलं, किंवा शेजारच्या पेशंटचा उरलेला फेन्टानिल (मॉर्फिनच्याच वर्गातलं, जास्त जोरकस औषध) पॅच ‘दुखतंय ना, लावून बघा’ म्हणून चिकटवला, तर जीव धोक्यात येतो. म्हणूनच डॉक्टर थोड्या डोसने सुरुवात करतात, दर चार तासांनी देतात आणि दुखणं बघत बघत वाढवतात. तोंडावाटे असं बेताबेताने देताना श्वास धोक्याच्या पातळीला जाण्याआधी पेशंट खूप गुंगतो, हाक मारली तरी नीट जागा होत नाही. ही खूण आम्ही घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगतो. असं दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही, लगेच फोन करायचा. सुरुवातीचे दोन-चार दिवस येणारी साधी झोप वेगळी. कित्येकदा ती दुखण्यामुळे आठवडेच्या आठवडे न मिळालेली झोप असते.

‘व्यसन लागतं’

याचं उत्तर परदेशातून आणायची गरजच नाही. कोझिकोडच्या पॅलिएटिव्ह केअर क्लिनिकमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,७२३ रुग्णांना दोन वर्षांच्या काळात तोंडावाटे मॉर्फिन दिलं. रुग्णालयात ठेवून नव्हे, गोळ्या घरी देऊन. गैरवापराचं किंवा गोळ्या बाहेर विकल्या गेल्याचं एकही प्रकरण त्यांना सापडलं नाही. २००१ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. महिनाभर मॉर्फिन घेणाऱ्याचं ते एका दिवसात बंद केलं तर घाम येतो, पोटात कळा येतात. म्हणून हळूहळू उतरवायचं. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं की असे डोस उतरवलेही जातात. अमेरिकेत या औषधांनी अनर्थ केला, तो खराच. कंपन्यांनी पाठदुखी-गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं ती खपवली. त्या अनुभवावरून कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाची गोळी अडवून धरणं हा अन्याय आहे.

या भीतीने आपल्या देशात आधीच खूप नुकसान केलंय. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यानंतर परवान्यांचं असं जंजाळ उभं राहिलं की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशात ही स्थिती होती. २०१४ साली कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. कायदा सुधारला, पण लोकांच्या मनातली भीती तशीच राहिली.

‘शेवटासाठी राखून ठेवा’

मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात क्रूर वाटतं. सिंहगड रोडच्या एका फ्लॅटमध्ये मी गेले तेव्हा गोळ्यांची पट्टी देवघराच्या खणात होती, एकही गोळी न काढलेली. आजोबांचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. आडवं झालं की कळ यायची, म्हणून ते रात्रभर कॉटच्या कडेवर बसून पुढ्यातल्या स्टुलावर डोकं टेकायचे. मुलगी म्हणाली, “सिस्टर, आत्ताच नको ना. आत्ता दिलं तर पुढे लागू पडणार नाही म्हणतात.” मी आजोबांना विचारलं, दहापैकी किती दुखतंय? त्यांनी आठ बोटं दाखवली.

मॉर्फिनचा गुण साठ्यासारखा वापरून संपत नाही. ट्रॅमाडॉलला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा असते, त्यापुढे फायदा नाही आणि धोका वाढतो. मॉर्फिनला अशी ठरलेली मर्यादा नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो. इटलीत २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅन्सरची मध्यम वेदना असलेल्यांपैकी अर्ध्यांना आधी सौम्य औषधं दिली, अर्ध्यांना थेट कमी डोसचं मॉर्फिन. मॉर्फिनच्या गटात ८८ टक्के रुग्णांची वेदना ठळकपणे कमी झाली, दुसऱ्या गटात ५८ टक्क्यांची. आणि हा फरक पहिल्याच आठवड्यात दिसायला लागला होता. थांबून राहण्याने काहीच साठत नाही, मधले दिवस तेवढे जातात.

आजोबांना त्या रात्रीपासून गोळी सुरू झाली, सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने पोट बांधतं. पुढच्या भेटीला गेले तेव्हा ते कुशीवर झोपलेले होते. मुलीने कालनिर्णयवर प्रत्येक डोसची वेळ पेन्सिलने टिपली होती आणि रात्रीच्या वेळांपुढे नुसतं लिहिलं होतं, ‘झोपले’.

‘पुरावाच नाही’

पुरावा आहे, आणि तो प्रत्येक औषधाच्या बाजूनेच आहे असंही नाही. मला तर त्यामुळेच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

वेदनेपासून सुरू करू. कॉक्रेन या संस्थेने कॅन्सरच्या वेदनेवरच्या अफूवर्गीय औषधांचे सगळे आढावे २०१७ साली एकत्र तपासले. निष्कर्ष असा की मध्यम किंवा तीव्र वेदना असलेल्या आणि ही औषधं सोसणाऱ्या वीसपैकी एकोणीस जणांचं दुखणं चौदा दिवसांत सौम्य होतं किंवा थांबतं. दहातल्या एक-दोघांना मात्र दुष्परिणामांमुळे औषध बदलावं लागतं. त्याच आढाव्यात हेही लिहिलंय की मूळ अभ्यास लहान आहेत आणि त्यांचा दर्जा फारसा चांगला नाही.

आता धाप. मॉर्फिनने धापही कमी होते असं आम्हाला शिकवलं गेलं, आणि २००३ सालच्या एका छोट्या चाचणीत तसं दिसलंही होतं. पण २०२२ साली सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या १५६ रुग्णांवरची चाचणी आली, तिच्यात रोज ८ किंवा १६ मिलिग्रॅम मॉर्फिनने आठवडाभरात धापेत फरक पडला नाही. म्हणून आता धापेसाठी ते सरसकट देत नाहीत, माणूस बघून ठरवतात.

शेवटच्या दिवसांत पेशंट बरळतो, अंथरुणातून उठून जायला बघतो. अशा वेळी हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन ही मानसिक आजारांवरची औषधं देण्याचा प्रघात होता. ऑस्ट्रेलियात २४७ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१७ साली कळलं की औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या डोसच्या (प्लासिबोच्या) तुलनेत ही औषधं घेणाऱ्यांची लक्षणं जास्त होती. मरणाऱ्यांवर संशोधन कोण करणार, असं विचारणाऱ्यांनी हे वाचावं. चाचणी झाली, आपल्याच सवयीच्या विरोधात निकाल आला आणि तो छापलाही गेला.

औषधं बंद करण्यावरही चाचण्या आहेत. आयुष्य थोडं उरलेल्या ३८१ रुग्णांपैकी अर्ध्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या थांबवल्या. त्यांना धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट त्यांचे दिवस थोडे बरे गेले. आणि आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर पुद्दुचेरीचं जिपमर हे सरकारी वैद्यकीय संस्थेचं रुग्णालय आहे. तिथे केमो सुरू होणाऱ्या १२४ रुग्णांच्या चाचणीत, वजन घटू नये म्हणून दिलेल्या ओलान्झापिन या जुन्या, स्वस्त गोळीच्या अगदी कमी डोसने ६० टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. ज्यांना ती गोळी नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होतं.

‘सलाइन, ऑक्सिजन काढून घेतात’

सलाइन लावलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि ही भावना मी कमी लेखत नाही. आईच्या घशाखाली पाणी उतरत नसताना हातावर हात ठेवून बसणं फार कठीण असतं. पण हॉस्पिसमधल्या कॅन्सरच्या १२९ रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर सलाइन आणि काहींना फक्त १०० मिलिलिटर देऊन पाहिलं, तेव्हा त्रासातही फरक पडला नाही आणि किती दिवस जगले त्यातही नाही. शरीर पाणी वापरेनासं झालं की ते पायांत आणि छातीत उतरतं. कोरड पडते ती तोंडाला, आणि तिच्यावर उपाय तोंडातच आहे: ओल्या कापसाने जीभ आणि हिरड्या पुसणं, चमच्याने थेंब थेंब पाणी, ओठांना तूप. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या माणसाला सलाइन लागतं आणि ते दिलंही जातं.

ऑक्सिजनचं तसंच. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असूनही धाप लागणाऱ्या २३९ जणांवरच्या चाचणीत नळीतून ऑक्सिजन दिला काय आणि साधी हवा दिली काय, सारखाच आराम पडला. अशा पेशंटच्या तोंडावर छोटा पंखा धरा, खिडकी उघडा.

पुण्यात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही; ते मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्यावं लागतं. वारज्यात सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं. तुमच्या पेशंटचा इलाज जिथे चालू आहे तिथल्या कॅन्सर विभागातही विचारा. जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, किडनीचा ताजा रिपोर्ट आणि शेवटचं पोट कधी साफ झालं ते लिहून घेऊन जा. डोस ठरवताना डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.